उपवासाचं रक्त

आमच्या घरात एके काळी बारा दिवस एक शब्द कोणी तोंडातून काढला नाही. शब्द साधाच, आणि फुलांचा धंदा करणाऱ्या घरात दिवसातून पन्नास वेळा लागणारा. हार ओवून झाला की दोऱ्याची दोन्ही टोकं जवळ घ्यायची आणि म्हणायचं, "गाठ मार." आई म्हणायची, बाबा म्हणायचे, मीही म्हणायची. त्या बारा दिवसांत आम्ही "बांध" म्हणत होतो, "आवर" म्हणत होतो, नाहीतर नुसता हार पुढे सरकवत होतो. असं करायचं कोणी ठरवलं नव्हतं. माझ्या पोटात गाठ असावी असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि त्या दिवसापासून तो शब्द घरातून उठून गेला.

घर अमरावतीच्या बाहेर, दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि मागे काळ्या रानात झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पडवीत कायम ओली गोणपाटं अंथरलेली आणि त्यांवर फुलांचे ढीग. झेंडूच्या वासाने लोकांना देव आठवतो म्हणतात; मला आजही काम आठवतं. उजाडायच्या आधी आम्ही तिघं रानात असायचो. दव पडलेली फुलं तोडून बोटं बधिर व्हायची. मग बाबा लूनाच्या पुढे-मागे गाठोडी लादून फूलबाजारात जायचे, आई आणि मी हार ओवायला बसायचो. आईच्या बांगड्यांचा आवाज आणि सुई फुलातून जातानाचा बारीकसा करकर आवाज, एवढंच ऐकू यायचं. आई हार ओवताना बोलत नसे, आणि मी बोललेलंही तिला खपत नसे. चुलीवर भाकर आणि मिरचीची भाजी व्हायला अकरा वाजायचे. मी मात्र त्याआधीच सायकलवर टांग टाकून कॉलेजला पळायची. पोटात फक्त कोरा चहा. सकाळी पोटभर खाणं हे मला तेव्हा म्हातारपणाचं लक्षण वाटायचं. अकरावी सायन्सला होते, म्हणजे जगातलं सगळं कळायला लागलं होतं.

पहिल्यांदा चक्कर आली ती शेवंतीच्या वाफ्यात. हात थरथरायला लागले, अंगावरून घामाच्या धारा, डोळ्यांपुढे पिवळंच पिवळं; ते फुलांचं होतं की चक्करचं हे कळायच्या आत मी मातीत. आईने तोंडात गूळ कोंबला आणि पाच मिनिटांत मी उठून बसले. असं महिनाभरात तिसऱ्यांदा झालं तेव्हा बाबांनी मला लूनावर बसवून सरळ दवाखान्यात नेलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून साखर पाहिली, ती फारच खाली गेलेली होती. त्यांनी ग्लुकोज पाजलं, बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, हिच्या रक्तातलं इन्सुलिन तपासावं लागेल, ते इथे होत नाही, अकोल्याला रक्त घेतात आणि बर्फात घालून मुंबईला पाठवतात.

इन्सुलिन हा शब्द आमच्या वस्तीत एकाच माणसामुळे माहीत होता. शेजारच्या देवरावकाकांना साखरेचा आजार होता. त्यांच्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून ते ती छोटी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवत आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पोटाला सुई टोचून घेत. त्यांच्या पायाचं एक बोट कापलेलं होतं. इन्सुलिन म्हणजे माठाखालची बाटली आणि नसलेलं बोट, एवढंच आम्हाला कळत होतं. ते बाहेरून टोचतात हे पाहिलं होतं, ते प्रत्येकाच्या अंगात आपोआप तयार होतं हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे घरी येऊन बाबांनी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तेव्हा आई दारातच खाली बसली आणि म्हणाली, "पोरीले आता जन्मभर सुया." मी तिला धीर दिला, पण रानात जाऊन माझ्या दोन्ही पायांची बोटं मोजून आले. खोटं कशाला सांगू.

अकोल्याला बाबांची थोरली बहीण राहायची, पमाआत्या. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात तिची भाड्याची खोली होती आणि जवळच्या डाळ मिलची घरघर दिवसभर भिंतीतून ऐकू यायची. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला नोकरीला. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपवास ती काटेकोर करायची आणि दुसऱ्यांच्या उपवासातल्या चुका तिला लांबून दिसायच्या. कोणी उपवासाला कोथिंबीर घातली तर ती महिनाभर त्या घरी पाणी पीत नसे. आईला फुलं सोडून येता येईना, म्हणून बाबा आणि मी एसटीने अकोल्याला गेलो. आत्या आमच्याबरोबर रक्त तपासायच्या दुकानात आली. तिथल्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "उद्या सकाळी या. पोरीचं उपवासाचं रक्त लागते."

आत्या ताठ झाली. "त्याची काळजी नका करू, भाऊ. आमच्या घरी उपवास बरोबर होते."

तिने संध्याकाळीच साबुदाणा भिजत घातला. सकाळी मी उठले तर खोलीभर तूप-जिऱ्याचा वास. उपवासाचं रक्त द्यायचं म्हणून आत्याने साबुदाण्याची उसळ केली होती. शेंगदाण्याचा कूट भरपूर, वर लिंबू, आणि साधं मीठ उपवासाला चालत नाही म्हणून शेजारणीकडून मागून आणलेलं सैंधव. मला चक्कर येते हे ठाऊक असल्याने तिने दोनदा वाढलं आणि वरून दूध-साखरेचा चहा दिला. मी सायन्सला होते, मला कळायला हवं होतं. पण आत्याच्या तोंडून उपवास हा शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढे साबुदाणाच यायचा, आणि भूकही लागली होती. बाबांनीही बशीभर खाल्ली. मग आम्ही गेलो. त्या माणसाने दंडाला रबर बांधता बांधता विचारलं, उपवास आहे ना? आम्ही तिघांनी हो म्हटलं. खोटं आमच्यातलं कोणीच बोललं नव्हतं.

आठवड्याने अहवाल आला. तो घेऊन आम्ही अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या बाई. कागदावर इन्सुलिन या शब्दापुढे एक मोठा आकडा होता आणि त्याच्यापुढे चांदणी. बाई तो आकडा बघत राहिल्या, मग अमरावतीची चिठ्ठी बघितली, मग मला झोपवून पोट दाबून पाहिलं. त्यांनी बाबांना विचारलं, काय करता? बाबा म्हणाले, फुलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे आयुष्यभर लोकांना सांगत आले. फूलबाजारात मालाची गाडी आली की हमाल धावत येतात, माल उतरवून घरोघर पोचवतात, आणि गाडी रिकामी झाली की निघून जातात, बरोबर? जेवण म्हणजे गाडी, साखर म्हणजे माल, आणि इन्सुलिन म्हणजे हमाल. पोटाच्या मागे स्वादुपिंड आहे, ते हमाल पाठवतं. उपाशीपोटी हमाल थोडे असायला पाहिजेत. हिच्या रक्तात उपाशीपोटी हमालांची गर्दी दिसते आहे, आणि साखर तर आधीच खाली गेलेली होती. गाडी नसताना हमाल आले, याचा अर्थ त्यांना दुसरं कोणीतरी बोलावतं आहे.

"कोन बोलावते?" बाबांनी विचारलं.

"स्वादुपिंडात एखादी लहान गाठ असू शकते," बाई म्हणाल्या. मग घाईने पुढे म्हणाल्या की हे नक्की नाही, या रक्तातली साखर मोजलेलीच नाही, दोन्ही एकाच रक्तात बघितल्याशिवाय त्या काही ठरवणार नाहीत. आठवड्यातून एकदाच नमुने मुंबईला जातात, तर पुढच्या वेळी परत रक्त द्या, नंतर नागपूरला फोटो काढू, लागलं तर ऑपरेशन. पण 'गाठ' या शब्दानंतरचं आम्हाला कोणालाच नीट ऐकू आलं नाही. बाबांनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. परतताना एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा त्यांनी मला न विचारता संत्री घेतली.

त्या संत्र्यांनी मी खरी घाबरले. आमच्या घरात पोरांचे लाड करायची पद्धत नव्हती. कोणी आजारी पडलं तर आई आधी रागवायची आणि मग काढा द्यायची. आणि आता मला रोज संत्रं मिळत होतं, वरूडचं, सोललेलं, फोडींवरच्या शिरा काढलेल्या. आई मला रानात येऊ देईना. ज्या आईला ओवताना माझं बोललेलं चालत नसे, ती मला म्हणायची, काहीतरी बोल ना. मी काय बोलणार? मी पुस्तकात स्वादुपिंडाचं चित्र काढून बसायची. जठराच्या मागे आडवं पडलेलं एक लांबट पान, इतकं बिनमहत्त्वाचं दिसायचं की मी परीक्षेला ते कधी पाठही केलं नव्हतं. दुपारी आई चुलीशी गेली की मी पडवीत उताणी झोपून बरगड्यांच्या खाली बोटं खुपसायची आणि शोधायची. रोज काहीतरी लागायचं. आज इथे, उद्या तिथे. एकदा तर मी इतका वेळ दाबत बसले की पोटावर निळा डाग पडला, आणि मग तो डागच त्या रोगाचा आहे म्हणून दोन दिवस रडले. मी मरेन असं मला वाटत होतं. स्पष्टच सांगते, दुसरं काही वाटतच नव्हतं. शेवंतीच्या कळ्या बघून मनात यायचं, या उमलतील तेव्हा मी असेन का. सतरा वर्षांच्या पोरीला असं सुचतं आणि ती ते मनापासून खरं मानते.

सहाव्या दिवशी आम्ही पुन्हा आत्याच्या खोलीत होतो. सकाळी पुन्हा तोच तूप-जिऱ्याचा वास, तीच वाटी. पण मला घासच उतरेना. मी वाटी बाजूला सारली. आत्या म्हणाली, दोन घास तरी. मी मान हलवली. तिने चहा पुढे केला, तोही नको म्हटलं. ती इतकी घाबरली की तिने उसळ डब्यात भरली, डबा पदराखाली घेतला आणि आमच्यामागोमाग निघाली. त्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः त्या दुकानात आल्या होत्या, या वेळी रक्त आपणच काढू म्हणून. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. तेवढ्यात आत्या पुढे झाली आणि हात जोडून उभी राहिली.

"डाक्टरीनबाई, आज पोरीचा उपवास बिघडला," ती म्हणाली. "मागच्या टाइमाले तिनं बरोबर दोन वाट्या उसळ खाल्ली होती. वरून दूध-साखरेचा चहा. मीठ बी मी सैंधवच घातलं होतं. आज तिनं उपवासाचं काईच खाल्लं नाई. पानी पेली फक्त. असं रक्त चालन काय? नाईतर म्या डबा आनला, इथंच खाऊ घालतो."

बाईंनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. मग अगदी हळू विचारलं, मागच्या वेळी किती वाजता खाल्लं होतं, आणि रक्त किती वाजता दिलं? आत्याने सगळं सांगितलं, कूट किती घातला तेही. रक्त घेणारा माणूस खाली बघत होता. मी बाईंच्या चष्म्याकडे बघत होते, तिथून काही कळेल म्हणून. आणि बाबा, जे आठवडाभरात चार वाक्यं बोलले नव्हते, ते कोपऱ्यातून म्हणाले, "म्हणजे गाडी आली होती."

"हो," बाई म्हणाल्या. "गाडी आली होती. साबुदाण्याची."

कोणी हसलं नाही. हसायचं आम्हाला पुढे काही वर्षांनी सुचलं. बाई लगेच म्हणाल्या की यावरून गाठ नाही असं समजू नका, साखर खाली गेली होती ती गेलीच होती, ती का गेली हे अजून कळलेलं नाही. आज रिकाम्या पोटी घेतलेलं हे रक्त खरं. त्याचा अहवाल येईपर्यंत मी काही बोलणार नाही. त्यांनी रक्त घेतलं, साखर तिथल्या तिथे मोजायला दिली. मला वाटलं होतं आता भीती निम्मी होईल. झाली नाही. आधी मी मरणार हे ठरल्यासारखं होतं. आता कदाचित वाचेन असं कळलं आणि त्या कदाचितने माझा जीव जास्त खाल्ला. बाहेर पायरीवर बसून आत्याने डबा उघडला आणि मला भरवू लागली. उसळ गार होऊन तिचा गोळा झाला होता. मी खात होते आणि ती रडत होती. "म्याच तुले मारत होती, पोरी," ती म्हणाली. मी म्हटलं, आत्या, तू तर सैंधव घातलंस. त्यावर ती आणखीच रडली.

मी पुढे रक्त तपासण्याचंच शिकले आणि पंचवीस वर्षं अमरावतीत तेच काम केलं. माझ्या टेबलावर मी उपवास हा शब्द एकदाही वापरला नाही. मी विचारायची, काल रात्री जेवल्यापासून तोंडात काय काय गेलं? तेव्हा लोक खरं सांगतात. काही नाही मॅडम, फक्त चहा-टोस्ट. काही नाही, एक केळ. एक गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले, पाण्याचा थेंब नाही, आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी कोणावर चिडत नसे. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तू फार चौकशा करतेस. मी त्यांना दोन वाट्या उसळीची गोष्ट सांगत नव्हते. आत्याने मात्र त्या दिवसापासून आपल्या उपवासांचे दोन भाग केले, देवाचा उपवास आणि दवाखान्याचा उपवास. नात्यात कोणाचं रक्त तपासायचं असलं की ती पुण्यापर्यंत फोन करून बजावायची, "देवाचा नको धरू, दवाखान्याचा धर." आणि स्वतःच्या चतुर्थ्या तिने मरेपर्यंत पाण्यावर केल्या. साबुदाणा तिच्या खोलीत परत आला नाही. मी कितीदा सांगून पाहिलं. ती म्हणायची, माहं मले माहीत.

त्या अहवालासाठी बाबा एकटेच अकोल्याला गेले. मला नेलं नाही, आणि का नेलं नाही हे मी विचारलं नाही. लूना अमरावतीच्या स्टँडवर ठेवून सकाळच्या एसटीने गेलेले, दुपारी चारपर्यंत यायला हवे होते. आई आणि मी पडवीत हार ओवत बसलो. दुसऱ्या दिवशीचं एक लग्न होतं, दोन मोठे हार शेवंतीचे, मध्ये गुलाब. आईने दोनदा सुई बोटात खुपसून घेतली. चार वाजले, साडेचार झाले. माझा हार ओवून झाला. दोऱ्याची दोन्ही टोकं माझ्या हातात होती आणि मी ती तशीच धरून बसले होते, कारण बांधलं की तो संपणार आणि मग माझ्या हाताला काही काम राहणार नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती. 

मग लूनाचा आवाज आला. आईने तोंडावर पदर घेतला. मी मान वर केली नाही, मला बाबांचे पाय फक्त दिसले. धुळीने भरलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. ते पाय पडवीपर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं आता ते संत्रं काढतील. पिशवीत संत्रं असलं तर आपण संपलो, असं मी मनाशी धरून बसले होते. बाबा गोणपाटावर खाली बसले. पिशवी त्यांनी उघडलीच नाही.  मग त्यांनी माझ्या मांडीवरचा हार उचलला, इकडून तिकडून बघितला, आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले,

"हा हार असाच काहून ठेवला? याले गाठ कोन मारन?"

आई आधी रडली की मी आधी रडले ते आता आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते बाबांनी नंतर, चहा पिताना, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. इन्सुलिन असायला हवं तेवढंच होतं, साखरही ठीक होती. अंगात रक्त कमी आहे, आणि पोरगी उपाशीपोटी पहाटेपासून राबते, तिथून सायकलवर कॉलेज, म्हणून साखर खाली जाते. उद्यापासून भाकर खाल्ल्याशिवाय हिला रानात पाय ठेवू द्यायचा नाही. ते ऐकून आईने मला पहिल्यासारखी रागवायला सुरुवात केली. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी बाबा हार पुढे करून बसले होते आणि हात खाली घेत नव्हते. मी दोरा घेतला, दोन्ही टोकं जवळ आणली, आणि गाठ मारली. डोळ्यांतल्या पाण्यामुळे ती वाकडी बसली, आणि बाबांनी ती सोडून मला परत मारायला लावली.